सोनचाफ्याचा पट्टा

कुंभकोणम्, ज्येष्ठ शुद्ध ५, शके १७९१

चि. गंगाभागीरथी अंबुजा हीस थोरल्या भावाचा, मुकुंदरावाचा, आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, पण तो दुखला नाही तर सीतालक्ष्मीला करमायचं नाही. मी मुन्सफ कचेरीत नकला करतो आहे. साहेब बदलले, नकला त्याच आहेत. पत्र मणीच्या हाती देतो. विड्याच्या पानांची गाडी घेऊन तो दर मंगळवारी तिरुक्करुगावूरला जातो, आणि तू स्वयंपाक करतेस ते अन्नछत्र त्याच्या वाटेवरच आहे म्हणे.

लिहिण्याचं कारण लहानसं आहे. परसातला सोनचाफा यंदा जरा रुसला आहे. काळजीचं काही नाही. वैशाखात पूर्वी टोपलीभर फुलं निघत, यंदा विठोबाच्या गळ्यात घालायला अकरा मिळाली, तीही चिंचोक्याएवढी. तू त्याच्या मुळाशी काय घालत होतीस? तुझी वहिनी म्हणते ताक, मला तांदळाचं धुवण आठवतं. किती, केव्हा, बुंध्याशी की लांब, ते नीट लिही. बाबा राजवाड्याच्या बागेचे दारोगा होते, म्हणून मलाही झाडातलं सगळं कळतं असा इथल्या लोकांचा समज आहे. तो मोडायची मला हौस नाही.

तू गेलीस त्याला वर्ष होऊन गेलं. रागाच्या भरात माणूस घर सोडतं, हे मी समजू शकतो. पण घर सोडून, देवीला मुलाचा नवस बोलायला आलेल्या परक्या बायकांसाठी भाताचे हंडे उतरवत बसावं, याला काय म्हणायचं? लोक मला विचारतात. मी सांगतो, तिला देवीची सेवा करायची होती.

उत्तर मणीकडेच दे.

मुकुंदराव


आषाढ वद्य ४

चि. अंबुजेस आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. मणी म्हणाला, तू पदराला हात पुसून पत्र घेतलंस आणि चुलीकडे गेलीस. चुलीत गेलं की काय, हे त्याने पाहिलं नाही.

झाडाचं दुखणं वाढलं आहे. लक्षणं लिहितो, म्हणजे तुला कळेल. शेंड्याकडच्या फांद्या टोकापासून वाळत खाली येत आहेत. पानं लहान आणि पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. पालवी फुटते, पण बोटभर वाढून थांबते. कीड नाही. वाळवी नाही. पाणी तर मुबलक आहे; कावेरी भरून चालली आहे आणि आपली विहीर हाताने पाणी काढावं इतकी वर आली आहे. बुंध्याला तुझ्या वहिनीने बांधलेलं हळदीचं वस्त्र तसंच आहे आणि त्याखाली पट्टाही जागेवर आहे, तेव्हा तिथे पाहण्यासारखं काही नाही. अकरा वर्षांपूर्वी तो पंचधातूचा पट्टा मी स्वामीमलैहून ओतवून आणला, तेव्हा तूच चिंच लावून तो घासला होतास. हे झाड राजवाड्याने दिलेलं आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच्यावरच्या अक्षरांवरूनच कळायचं. राज्य खालसा झाल्यावर आपल्याकडे दाखवायला दुसरं आहे तरी काय?

बाबांच्या वहीतले उपाय एकामागून एक करतो आहे. वावडिंग आणि तूप झालं. दूधपाणी झालं. मग एके ठिकाणी असं निघालं की फुलं न धरणाऱ्या झाडाला मासळी धुतलेलं पाणी द्यावं. आता आपल्या घरी मासळी! तरी अरसलार नदीकाठच्या एका कोळ्याकडून घडाभर पाणी मागच्या दाराने आणवलं, तुझी वहिनी दुपारची कलंडली होती तेव्हा. तिला गुडघा आहे तसं नाकही आहे, हे मी विसरलो. उठून आली ती माझ्याकडे न बघता झाडाभोवती जमलेली सात मांजरं मोजू लागली. मग म्हणाली, "आतां घरांत येऊं नका. विहिरीवर जा, दोन वेळां न्हा, मग पाहूं." शेजारचे लोक चार दिवस आमच्या ओसरीवर बसले नाहीत. झाडाला काडीचा गुण आला नाही.

आणि अंबुजे, एकादशीच्या त्या भजनाच्या वेळी बोलण्याच्या ओघात माझ्या तोंडून एखादा शब्द गेला असेल. माणसं जमलेली असली की माणूस काहीतरी बोलून जातं. तू ते फारच मनाला लावून घेतलंस. धाकट्यांनी थोडं सोसावं.

ताक की धुवण, एवढं तरी कळव.

मुकुंदराव


श्रावण शुद्ध १३

चि. अंबुजेस आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. मणीने तो ओसरीवर उभं राहून, दोन शेजारी ऐकत असताना, खणखणीत आवाजात सांगितला: "अक्का म्हणतात, झाडास काय घालावं तें अण्णा मज पुसतात. काय काढावं तें त्यांस ठाऊक आहे."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, हे कबूल करतो. शेजाऱ्यांना मी सांगितलं, वाळक्या फांद्या काढायला सांगते आहे. त्यांनी माना डोलावल्या.

मला काहीही ठाऊक नाही. पट्ट्याविषयी तुझं म्हणणं असेल, तर तो अकरा वर्षं तिथे आहे आणि पहिली सात वर्षं झाड त्याच्यासकट फुलत होतं. शिवाय काढायचा म्हणजे कापावाच लागेल. चोरीला जाऊ नये म्हणून त्याचा खिळा मीच ठोकून कायमचा बसवला आहे. कापला की अक्षरं तुटणार. मग जो तो विचारणार, का कापला? मी काय सांगू? कोर्टातल्या साहेबांनी एकदा चहाला येऊन ती अक्षरं माझ्याकडून वाचून घेतली होती, तीही आपल्या दुभाष्याला बाजूला सारून.

एवढं लिहिलं आणि लेखणी खाली ठेवून परसात गेलो. आता परत येऊन लिहितो आहे, आणि लगेच लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

वस्त्र सोडलं. पट्टा दिसतच नाही. साल वरून आणि खालून त्याच्यावर आली आहे आणि मधे नुसती एक रेघ राहिली आहे. रेघेच्या वर बुंधा उशीसारखा फुगला आहे आणि खाली होता तेवढाच बारीक आहे. खालची साल कोरडी पडून भेगाळली आहे. मी बराच वेळ तिथे उकिडवा बसलो होतो. तुझी वहिनी मागच्या दारात येऊन उभी राहिली.

सुंदरेश आसारीला बोलावणं धाडलं आहे. त्यानेच पट्टा ओतला होता.

मुकुंदराव


भाद्रपद शुद्ध ८

अंबुजा,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही. नमस्कार लिहितो. तू धाकटी आहेस हे मला ठाऊक आहे.

सुंदरेश स्वामीमलैहून छिन्न्या, कानस आणि लहान करवत घेऊन आला. त्याने बुंध्याभोवती एक फेरी मारली, फुगवट्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाला, "अय्या, हा रोग नव्हे. हें माझं काम आहे." पट्टा नेताना त्याने मला बजावलं होतं: पाच वर्षांनी परत आणा, मोठा करून देतो; लहान मुलाच्या पायातला वाळा बदलतो, तसाच हा बदलायचा. मी हो म्हटलं होतं. घरी आलो आणि खिळा ठोकला.

त्याने मला समजावलं ते तुला माहीत असणारच, तरी लिहितो, कारण ते मी स्वतःच्या हाताने लिहावं असं वाटतं. मूळ पाणी वर चढवतं ते आतल्या लाकडातून. पान जे कमावतं ते सालीच्या आतून खाली मुळाकडे येतं. ती वाट पट्ट्याने आवळली. वरचं वरच साचून फुगलं आणि खाली मुळं उपाशी राहिली. आणि मी त्या मुळांना तूप पाजत होतो, दूध पाजत होतो, मासळीचं पाणी पाजत होतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

कापायला दोन दिवस लागले. साल दुखवायची नाही म्हणून करवत थोडी आणि कानस जास्त. चार तुकडे निघाले. एक वीतभर तुकडा खोल आत गेला आहे. तो उकरला तर उरलेली सालही तुटेल, म्हणून तसाच ठेवला. त्यावर नेमकं 'बागदारोगा' आहे. 'श्रीमंत सरकार तंजावर यांचे कृपेकरून बागदारोगा मुकुंदराव यांस', अशी ती अक्षरं होती. बागदारोगा बाबा होते. मी एक दिवसही नव्हतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. हे ठाऊक असलेली माणसं घरात तीनच होती, आणि त्यातलं एक मी घालवलं.

जखमेला वारुळाची माती, शेण आणि वावडिंग कालवून लेप दिला आहे. वाळलेल्या फांद्या उतरवल्या. पाणी आता बुंध्याशी नाही, फांद्यांच्या टोकाखाली लांबवर घालतो. सुंदरेश म्हणतो, दोन पावसाळे गेल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते.

गेल्या वर्षी वैशाखात तू मला हाक मारून परसात नेलंस. म्हणालीस, "अण्णा, वस्त्राखालीं हात घालून पाहा. झाडाचा गळा आवळला आहे. पट्टा काढा." मी हात घातला. माझ्या बोटांना कळलं, अंबुजा. साल पट्ट्यावर चढलेली बोटांना लागली, आणि तू म्हणतेस ते खरं आहे हे मला त्याच क्षणी कळलं. मी म्हणालो, पाहू.

आठ दिवसांनी एकादशी आली. भजनाला तीस माणसं होती. विठोबाच्या गळ्यात फुलं नव्हती. तुझ्या वहिनीची भवानीमावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "विधवेच्या हातचं पाणी झाडास. फुलेल कसं?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. दारोग्याचा मुलगा काय सांगतो ते ऐकायला थांबले. तेव्हा मी म्हणालो, "मलाही तेच वाटतं, मावशी. तिच्या हाताला गुण नाही. आजपासून तिला परसात जाऊ देणार नाही." तू माजघराच्या दारात तीर्थाचं भांडं घेऊन उभी होतीस.

मला तेच वाटत नव्हतं. खरं कारण माझ्या बोटांना ठाऊक होतं. नकळत बोललो असतो तर तुझी क्षमा मागता आली असती. मी कळून बोललो. पट्टा वाचावा म्हणून बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू एक गाठोडं घेऊन ओसरीची पायरी उतरलीस. मी तिथेच नकला करत बसलो होतो. कागदावरून मान वर केली नाही. त्या दिवशीच्या नकलेत एकही चूक नव्हती, हेही मला आठवतं.

लाज वाटते म्हणतात ती ही, हे मला बावन्नाव्या वर्षी कळतं आहे. पहिल्या तिन्ही पत्रांत मी काय लिहिलं ते आठवतं आणि ती पत्रं तू खरंच चुलीत घातली असावीस असं वाटू लागतं. घातली नसशील तर घाल.

मुकुंदराव


भाद्रपद वद्य १२

अंबुजा, नमस्कार.

मणी म्हणाला, तू पत्र उभ्या उभ्या वाचलंस, घडी केलीस आणि म्हणालीस, "वाचिलं म्हणून सांग." मी त्याला तीन वेळा विचारलं, आणखी काही? तो म्हणाला, आणखी काही नाही, पण त्याला ताक दिलंस.

काल एकादशी होती. माणसं तीच होती, दोनचार जास्तच. आरतीआधी मी उभा राहिलो आणि पट्ट्याचे चार तुकडे सर्वांसमोर मांडले. झालं ते सगळं सांगितलं. दारोगा मी नव्हतो, हेही सांगितलं. शेवटपर्यंत सांगितलं.

मला वाटत होतं, लोक छी थू करतील. तसं काही झालं नाही, आणि तेच जड गेलं. कुणी म्हणालं, "असूं द्या मुकुंदराव, झाडाचं काय एवढं." कुणी टाळ उचलले. त्यांना ऐकायचंच नव्हतं. मी टाळ धरणाऱ्याचा हात धरला आणि म्हणालो, झाडाचं नाही, माझ्या बहिणीचं सांगतो आहे. तेव्हा भवानीमावशी म्हणाली, "तुमचा पट्टा खरा, पण विधवेचा हात तो विधवेचा हातच कीं." मी म्हणालो, "मावशी, बाबांनी रोप आणलं ते तिच्या हाती दिलं होतं. ती तेव्हाही विधवाच होती. रोपापासून पहिल्या टोपलीपर्यंत तिच्याच हातचं पाणी होतं. फुलं तुम्हीही केसांत माळलीत." मावशी उठून गेली. तिच्याबरोबर आणखी पाच जण गेले. उरलेल्यांनी आरती केली.

लोक गेल्यावर तुझी वहिनी माझ्यासमोर येऊन बसली, दुखरा गुडघा दुमडून. म्हणाली, "मज ठाऊक होतं. हळदीचं वस्त्र नवसाचं नव्हे. साल फुगूं लागली तेव्हां कोणास दिसूं नये म्हणून मीच बांधिलं. तुमचं नांव राखावं म्हणून." मग म्हणाली, "अंबुजेनं मज एकदां पुसलं होतं, वैनी, वस्त्र कशास? मी म्हटलं, देवीचं आहे." हे बोलून ती रडली. मीही रडलो. तू हे वहिनीच्या वतीने वाच. तिला लिहिता येत नाही.

मुकुंदराव


कार्तिक शुद्ध ६

अंबुजा, नमस्कार.

पंधरा दिवस पावसाने रस्ता बंद होता, म्हणून मणी आला नाही. आता गाडी चालू झाली आहे.

झाडाचं विचारशील म्हणून लिहितो. पूर्वेकडच्या दोन फांद्या गेल्या. लेपाखालची साल एका बाजूला जिती आहे, दुसऱ्या बाजूला नख लावलं तर खाली काळी लागते. जगेल की नाही, ते सुंदरेशला सांगता येत नाही, मला तर नाहीच. इथले लोक म्हणतात, झाड सावरलं की बहिणीला घेऊन या, शकुन होईल. मी ते ऐकणार नाही. झाडावर तुझी किंमत एकदा ठरवून झाली. पुन्हा ठरवायची नाही.

तू परत ये, असं मी लिहिणार होतो. दोन वेळा लिहिलं आणि फाडलं. ज्याने दार लावलं त्याने 'ये' म्हणायचं, आणि तू आली नाहीस तर पुन्हा तुलाच हट्टी म्हणायचं, हे मला चांगलं जमतं. म्हणून ते लिहीत नाही. मणी सांगतो की छत्रात गर्भारणी तुझं नाव घेऊन येतात, तुझ्या हातचा मऊ भात पोटात ठरतो म्हणतात. ते ऐकून मला आनंद झाला असं लिहिणार होतो, पण खरं तर मी लोकांत तोंड वर करून ऐकू शकलो नाही.

मंगळवारी मी मणीच्या गाडीत असेन, पानांच्या टोपल्यांमधे. तुझी वहिनी यायचं म्हणते. गुडघ्याला गाडीचे धक्के सोसणार नाहीत असं सांगितलं, तर म्हणाली, सोसूं द्या. दोघं येऊ. दारोग्याचा मुलगा, कचेरीतला कारकून, असं तिथे कुणाला सांगणार नाही. बाहेरगावचे लोक ज्या पंगतीला बसतात, तिथे शेवटी बसू.

बोलायचं नसेल तर बोलू नकोस. वाढायला दुसऱ्या कुणाला पाठवलंस तर जेवू, हात धुऊ आणि त्याच गाडीने परत फिरू. त्यावर मी कुणाजवळ एक शब्द काढणार नाही. आमची पानं मांडायची की नाहीत, ते तू ठरव.

मुकुंदराव